नोंद नसलेला मुलगा

1976 चा फेब्रुवारी संपत आला होता. कोझिकोडजवळच्या फारूक कॉलेजात विद्यार्थ्यांचा कलामहोत्सव चालू होता आणि चात्तमंगलमच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं त्यात भाग घ्यायला गेली होती. त्यांच्यात पी. राजन होता. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, गाणारा, कॉलेजात सगळ्यांच्या ओळखीचा. महोत्सव आटोपून 1 मार्चला पहाटे ही मंडळी वसतिगृहावर परतली, तेव्हा पोलीस वाट पाहत होते. राजनला आणि आणखी एका विद्यार्थ्याला त्यांनी गाडीत घातलं. हे अनेकांच्या डोळ्यांदेखत झालं. वसतिगृह म्हणजे काही निर्जन रान नव्हे.

त्यानंतर राजन घरी आला नाही. आजतागायत त्याचा देहही मिळालेला नाही.

पोलिसांना घाई का होती, ते समजण्यासारखं आहे. 28 फेब्रुवारीला नक्षलवाद्यांनी कायण्णा इथल्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला होता. ठाण्यावरच हल्ला म्हणजे खात्याची अब्रूच गेली. देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा हात होता आणि कोणाला उचललं याचा जाब विचारणारं कोणी नव्हतं. क्राइम ब्रँचचे डीआयजी जयराम पडिक्कल यांच्या हाताखाली कक्कयमला चौकशीची छावणी उघडली गेली. कक्कयम म्हणजे कुट्टियाडी जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाचं गाव. डोंगर, दाट जंगल, पावसाळ्यात कोसळणारे धबधबे. आज तिथे पर्यटक जातात. तेव्हा आसपासच्या तरुणांना धरून तिथे आणलं जात होतं.

छावणीतल्या छळाच्या प्रकाराला मल्याळममध्ये ‘उरुट्टल’ म्हणतात. माणसाला बाकावर बांधायचं, तोंडात बोळा कोंबायचा आणि त्याच्या मांड्यांवरून जड लाकडी लाट दोन्ही बाजूंनी दाबत फिरवायची. तिथून जिवंत सुटलेल्यांनी हे पुढे सांगितलं. राजन त्यात 2 मार्चला गेला. म्हणजे अटकेनंतर पुरते दोन दिवसही तो जगला नाही. हे कळायला त्याच्या वडिलांना वर्षाहून अधिक काळ लागला, आणि कळलं तेही कोर्टात.

टी. व्ही. ईच्चर वारियर हे कोझिकोडच्या सरकारी कॉलेजातले हिंदीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना मुलाच्या अटकेची खबर पोलिसांनी दिली नाही. ती दिली कॉलेजचे प्राचार्य बहाउद्दीन यांनी, रजिस्टर पत्रानं. त्या काळात एका सरकारी कॉलेजच्या प्राचार्यानं असं पत्र लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे खटल्याचा सगळा डोलारा त्याच कागदावर उभा राहणार आहे, हे त्यांनाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एका विद्यार्थ्याला नेलंय, त्याच्या घरी कळवायला हवं, एवढंच त्यांनी पाहिलं.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्याकडे आणीबाणी म्हटली की येरवडा आठवतं, नाशिक रोडचा तुरुंग आठवतो, मिसाखाली महिनोन् महिने अडकलेली माणसं आठवतात. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात ठाम उभ्या राहिलेल्या आणि पुढे तुरुंगात गेलेल्या दुर्गाबाई भागवत आठवतात. ते भोगणं खरंच होतं, पण त्या कैद्यांपाशी एक गोष्ट होती जी राजनपाशी नव्हती. त्यांच्या अटकेचा हुकूम होता. त्यावर सही होती, तुरुंगाच्या वहीत नाव होतं, भेटीचा दिवस ठरलेला होता. घरची माणसं पत्र पाठवत, डबा पाठवत, आणि ते नाकारलं गेलं तरी कोण नाकारतंय हे त्यांना कळत असे. कक्कयमच्या छावणीत यातलं काहीच नव्हतं. राजनला धरल्याचा कागद नव्हता, म्हणून सोडल्याचा कागद नको होता, आणि मेल्याचा तर नकोच. सरकारी माणूस नुसता खोटं बोलून कोणाला नाहीसं करू शकत नाही. त्यासाठी आधी वही कोरी ठेवावी लागते.

वारियर कक्कयमला जाऊन आले. पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नाही. मग ते तिरुवनंतपुरमला गेले आणि गृहमंत्री के. करुणाकरन यांना भेटले. मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन हे तर कम्युनिस्ट पक्षाचे आणि वारियरांच्या जुन्या ओळखीचे. वारियरांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, वारंवार येणाऱ्या या बापावर मेनन शेवटी वैतागले. तुमच्या मुलाला शोधायला मी रस्त्यावर फिरू का, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. मेनन यांची ख्याती स्वच्छ, सुसंस्कृत राजकारणी अशी होती आणि ती खोटी नव्हती. म्हणूनच हे वाक्य जास्त बोचतं. क्रूर माणसाच्या तोंडून ते आलं असतं तर वारियर कदाचित विसरूनही गेले असते.

त्यानंतर सुरू झाला अर्जांचा काळ. राष्ट्रपतींना अर्ज, पंतप्रधानांना अर्ज, केंद्रीय गृहमंत्र्यांना, राज्याच्या गृहसचिवांना, खासदारांना. कधी पोच आली, कधी तीही नाही. प्राध्यापकी पेशातला माणूस, भाषा नेटकी, तपशील जिथल्या तिथे. हे सगळं वाया जातंय असं त्या वर्षभरात कोणालाही वाटलं असतं. पण ज्या मुलाची सरकारदरबारी एका ओळीची नोंद नव्हती, त्याच्या नावाचे कागद आता गृहखात्यापासून राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचले होते. सरकारनं न केलेली नोंद बाप करत होता.

मग तो सरळ कोर्टात का गेला नाही? कारण कोर्टाचं दारच बंद होतं. राजनला नेऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल दिला. आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला ती अटक बेकायदा असली तरी कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी ‘येते’ असं म्हटलं होतं. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, उद्या एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर त्यावरही इलाज नाही, असं उत्तर आलं. दिल्लीच्या कोर्टात हा काल्पनिक दाखला म्हणून चर्चेला होता, आणि केरळच्या एका जंगलात तो आधीच घडून गेला होता.

निकाल चार विरुद्ध एक असा लागला. खन्ना एकटे पडले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून एम. एच. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. बेग यांनी त्या निकालपत्रात स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेनं काळजी घेतं आहे, अशा आशयाचं लिहून ठेवलं आहे. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. मराठी माणसाला हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. 2017 साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात जबलपूरचा तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवला, आणि तसं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. या पितापुत्रांबद्दल कौतुकानं बरंच लिहून आलं, ते योग्यही आहे. फक्त तो निकाल रद्द होईपर्यंत ईच्चर वारियरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मार्च 1977 मध्ये आणीबाणी उठली. देशभर काँग्रेस हरली, पण केरळात तिची आघाडी जिंकली आणि करुणाकरन मुख्यमंत्री झाले. त्याच आठवड्यात वारियरांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल केली: माझा मुलगा तुमच्या ताब्यात आहे, त्याला कोर्टापुढे उभं करा. पोलीस अधिकाऱ्यांबरोबर खुद्द मुख्यमंत्री त्यात प्रतिवादी होते. सरकारचं उत्तर अगदी सोपं होतं. राजन नावाच्या विद्यार्थ्याला आम्ही अटकच केलेली नाही. वही कोरी होती, तेव्हा दुसरं उत्तर संभवतही नव्हतं.

आणि इथे सगळे विखुरलेले कागद, सगळी माणसं एका जागी आली. प्राचार्यांचं ते रजिस्टर पत्र आलं. पहाटे गाडी पाहिलेले विद्यार्थी आले. त्याच छावणीत कोंडलेले आणि राजनला तिथे पाहिलेले लोक आले. निवडणूक प्रचाराच्या सभेत करुणाकरन यांनी राजनचा उल्लेख गुन्ह्यातला आरोपी म्हणून केला होता, हेही याचिकेत मांडलं गेलं. ज्याला धरलंच नाही तो आरोपी कसा, हे सांगणं आता त्यांना भाग होतं. न्यायमूर्ती सुब्रमण्यन पोट्टी आणि न्यायमूर्ती खालिद यांनी 13 एप्रिल 1977 ला निकाल दिला. राजनला पोलिसांनी नेलं होतं, तो कक्कयमच्या छावणीत होता, आणि 21 एप्रिलला त्याला कोर्टात हजर करा.

असा हुकूम वाचताना अंगावर काटा येतो. सरकारला आठ दिवसांत एक मेलेला मुलगा जिवंत आणून दाखवायचा होता.

अर्थातच ते जमलं नाही. जेमतेम महिनाभर मुख्यमंत्रिपदावर राहिलेल्या करुणाकरन यांना एप्रिलअखेर राजीनामा द्यावा लागला आणि छत्तीस वर्षांचे ए. के. अँटनी त्या जागी आले. राजन पोलिसांच्या बेकायदा ताब्यात असताना छळानं मेला, हे नंतर सरकारलाच मान्य करावं लागलं. वाट पाहणाऱ्या घराला मृत्यूची बातमी अशी सरकारी प्रतिज्ञापत्रातून मिळाली.

फौजदारी खटल्याची कथा मात्र फार वेळ घेण्यासारखी नाही. तो शेजारच्या तमिळनाडूत, कोइमतूरला चालवण्यात आला. 1978 मध्ये पडिक्कल आणि इतर काहींना शिक्षा झाल्या, त्याही वर्षा-दीड वर्षाच्या घरातल्या, आणि अपिलात मद्रास उच्च न्यायालयानं त्या रद्द केल्या. पडिक्कल पुढे केरळचे पोलीसप्रमुख झाले. करुणाकरन आणखी तीनदा मुख्यमंत्री झाले आणि या प्रकरणातला आपला दोष त्यांनी कधीच मान्य केला नाही. मृतदेह नाही, शवविच्छेदन नाही, जागेचा पंचनामा नाही, अशा खटल्यात खून सिद्ध करायचा तरी कसा? देह नाहीसा करणाऱ्यांनी नेमका हाच हिशेब केला असणार.

इकडे वारियरांच्या घरात वेगळंच नाटक चाललं होतं. राजनच्या आईला मानसिक आजार होता. तिला खरं सांगायचं वारियरांचं धाडस होत नव्हतं. ती विचारायची, राजन का येत नाही. ते काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. वर्षं लोटली तशी तिला शंका येऊ लागली की नवराच मुलाला घरी आणत नाही, त्याचंच मुलावर प्रेम नाही. राजनसाठी ती नाणी साठवत असे, हे वारियरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. 2000 साली ती गेली. ज्या माणसानं एका राज्य सरकारचं खोटं शपथेवर उघडं पाडलं, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात रोज खोटं बोलावं लागत होतं. त्याला दोष कोण देईल? पण वारियरांनी स्वतःला यातून सोडलेलं दिसत नाही. ‘एका बापाच्या आठवणी’ अशा अर्थाचं नाव असलेलं त्यांचं मल्याळम पुस्तक केरळ साहित्य अकादमीच्या पुरस्कारानं गौरवलं गेलं. त्यात पोलिसांइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, हा घरातला सल आहे.

या प्रकरणावर शाजी एन. करुण यांनी ‘पिरवी’ हा चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच. राष्ट्रीय पुरस्कारात तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, 1989 मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली, आणि म्हाताऱ्या बापाची भूमिका करणाऱ्या प्रेमजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटात मुलाचं नाव वेगळं आहे. बाप रोज नदी ओलांडून बसची वाट पाहतो, पाऊस पडत राहतो, शेवटची बस येते आणि जाते. चित्रपट सुंदर आहे, यात वाद नाही. पण खऱ्या बापाची ओळख असलेल्या प्रेक्षकाला कुठेतरी खटकतं. चित्रपटातला बाप वाट पाहून पाहून भ्रमिष्ट होत जातो. ईच्चर वारियर बसले कुठे होते? ते टाइप करून घेत होते, पोस्टात जात होते, वकिलांच्या ओट्यावर थांबत होते. कॅमेऱ्याला पाऊस आवडतो, पण अर्जाची स्थळप्रत पडद्यावर काही सुंदर दिसत नाही.

देहाचं काय झालं, याच्या अनेक कहाण्या केरळात आजही सांगितल्या जातात. जंगलात साखर टाकून जाळला, कक्कयमच्या उरक्कुळी धबधब्याच्या कपारीत फेकला, मांस कारखान्यात नेला. प्रत्येक कहाणी कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलेली. आपल्याकडे धर्मशास्त्रानं अशा घरांसाठी पालाशविधी सांगून ठेवला आहे. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाची आकृती करून तिला अग्नी द्यायचा. कायदा जरा घाईचा. पुरावा कायद्याच्या 108 व्या कलमानं सात वर्षं ठरवली होती, तेवढ्यात बातमी नाही तर माणूस मेला असं धरावं. पण या दोन्ही व्यवस्था गृहीत धरतात की तो कुठे गेला हे कोणालाच माहीत नाही. राजनच्या बाबतीत ते माहीत असलेली माणसं पगारपत्रकावर होती. कोणीतरी गाडी चालवली, कोणीतरी बोचकं उचललं, कोणीतरी इंधनाचं बिल मंजूर केलं.

अशी माणसं कधीच बोलत नाहीत, असंही नाही. 1970 साली वायनाडच्या तिरुनेल्लीच्या जंगलात नक्षलवादी नेता ए. वर्गीस पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला, असं सांगण्यात आलं होतं. 1998 मध्ये रामचंद्रन नायर नावाच्या निवृत्त कॉन्स्टेबलनं जाहीर केलं की चकमक झालीच नव्हती. वरिष्ठांच्या हुकुमावरून आपणच पकडलेल्या वर्गीसवर गोळी झाडली. अठ्ठावीस वर्षं त्यानं ते मनात ठेवलं होतं. त्या कबुलीतून खटला उभा राहिला आणि 2010 मध्ये माजी पोलीस महानिरीक्षक के. लक्ष्मणा यांना जन्मठेप झाली. राजनच्या वेळी हेच लक्ष्मणा कोझिकोडचे पोलीस अधीक्षक होते. कक्कयमला मात्र असा नायर निघाला नाही. वारियर 13 एप्रिल 2006 रोजी गेले तोवर निघाला नव्हता, नंतरही नाही. नुकसानभरपाईच्या पैशांतून एर्नाकुलमच्या सरकारी रुग्णालयात राजनच्या नावाचा कक्ष मात्र उभा राहिला.

कोरी वही हा धोका आहे, हे व्यवस्थेलाही पुढे उमगलं. 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकांना कळवा, वैद्यकीय तपासणी करा. म्हणजे बहाउद्दीन यांनी स्वतःहून जे केलं, ते आता पोलिसांचं कर्तव्य झालं.

त्यानंतरची गोष्ट महाराष्ट्रातली. 2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. त्याच महिन्यात परभणीच्या ख्वाजा युनूस या सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअरला पोटा कायद्याखाली अटक झाली. या वेळी वही कोरी नव्हती. अटकेची नोंद होती, कोठडीची नोंद होती. आणि जानेवारी 2003 मध्ये आणखी एक नोंद झाली: तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि आरोपी पळून गेला. सहआरोपी असलेल्या एका डॉक्टरनं कोर्टात सांगितलं की युनूसला बेदम मारहाण झाली आणि तो रक्त ओकताना आपण पाहिला. उच्च न्यायालयाच्या हुकुमानं सीआयडीनं तपास केला, तेव्हा पळून गेल्याची कहाणी टिकली नाही. मृतदेह मिळाला नाही. घाटकोपर खटल्यातले आरोपी 2005 मध्ये निर्दोष सुटले. युनूसच्या बाबतीत चौदा पोलिसांवर कारवाईची शिफारस झाली होती, राज्य सरकारनं चौघांवरच खटला चालवायला परवानगी दिली. आईनं परभणीहून मुंबईची कोर्टं गाठली, सरकारी वकील बदलले, साक्षीदारांची तपासणी सुरू होऊन थांबली, आणि वीस वर्षं उलटल्यावरही सत्र न्यायालयात त्या चौघांवरचा निकाल लागलेला नव्हता.